धवलशेठला क्षमा कशासाठी?

ठाण्यात टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर आहे. त्याचे नाते श्रीपाल राजाच्या कथेशी सांगतात. विक्रम संवत १४२८ मध्ये रत्नशेखरसूरींनी ती प्राकृतात लिहिली. भरूचहून निघालेला व्यापारी धवलशेठ श्रीपालाला आपल्या गलबतांवर सोबत घेतो. श्रीपाल वाटेत त्याचा जीव वाचवतो, तरी त्याच्या संपत्तीवर आणि बायकांवर डोळा ठेवून धवलशेठ त्याला भर समुद्रात लोटतो. श्रीपाल मगरीच्या पाठीवरून ठाण्याला लागतो आणि तिथल्या राजाचा जावई होतो. पुढे धवलशेठही त्याच बंदरात येतो, त्याचे कपट उघडे पडते, राजा देहदंड सांगतो. तेव्हा श्रीपाल त्याचा जीव मागून घेतो आणि त्याला आपल्या घरी ठेवतो. पुष्कळांना ही क्षमा भाबडी वाटते. मला तिच्यात न्यायाची खोल समज दिसते.

जमिनीवर सोबत्याचा संशय आला तर वेगळी वाट धरता येते. भर पाण्यात ती सोय नसते. नावेवर चढणारा आपला जीव नावेच्या धन्याकडे ठेव म्हणून देतो. मार्को पोलोने ठाण्याच्या राजाचे चाच्यांशी संगनमत असल्याचे लिहिले आहे. अशा किनाऱ्यावर या ठेवीचे मोल काय असेल, हे सहज कळावे. धवलशेठने ती ठेव बुडवली, म्हणून त्याचा गुन्हा साध्या खुनाच्या प्रयत्नाहून मोठा. पण ठाण्यात पारडे फिरले: आता धवलशेठचा जीव श्रीपालाच्या शब्दावर होता. हाती आलेला असहाय जीव ठेवच असेल, तर ती ठेव शत्रूची निघाली म्हणून बुडवता येत नाही.

राजाचा दंड चौकशीअंती होता, मत्सरातून नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. पण श्रीपालाने निर्दोषपणाचा दाखला मागितला नव्हता. मागितला तो फक्त जीव. दुसरा आक्षेप जड आहे. धवलशेठ रात्री कट्यार घेऊन श्रीपालाला मारायला निघतो आणि स्वतःच पडून मरतो. मग क्षमेने साधले काय? जैन विचारात क्रोध हा कषाय आहे, तो धरणाऱ्यालाच कर्माने बांधतो. तेव्हा अपराधी सुधारला नाही म्हणून क्षमा वाया जात नाही. मात्र घराला पहारा हवा होता, हे मान्य करायला हवे. क्षमा केलेल्यावर विश्वासही टाकलाच पाहिजे, असे कोणतेही शास्त्र बजावत नाही. मगरीचा चमत्कार मानावा की नाही, याने या निवाड्यात काही फरक पडत नाही.

आश्विनातल्या ओळी या जैन व्रतात याच कथेवरचा श्रीपालरास वाचला जातो. वाचणारे आणि ऐकणारे मगरीपाशी जेवढे थांबतात, तेवढे त्यांनी या देहदंडापाशीही थांबावे.