संथ आहे

सोमवारी दुपारी डबा खाताना आमच्या ऑफिसात एक ठरलेला कार्यक्रम असतो. शनिवार-रविवारी कोणी काय बघितलं, याचा हिशेब. थेटरात, टीव्हीवर, फोनवर, कुठेही बघितलेलं चालतं. 'बरा आहे', 'टुकार', 'एकदा बघायला हरकत नाही', 'मध्यंतरापर्यंत मस्त, मग माती खाल्ली', 'डोकं बाजूला ठेवून बघ'. पोळीभाजी संपायच्या आत तीन-चार सिनेमे निकालात निघतात. मला हा कार्यक्रम मनापासून आवडतो. कामाव्यतिरिक्त आम्ही एकमेकांशी एरवी फारसं काही बोलतच नाही.

२०१४ साली, फेब्रुवारीत 'फँड्री' लागला होता, तेव्हाची गोष्ट. मी तो पहिल्याच आठवड्यात बघून आले होते. सोमवारी कुणीतरी विचारलं, "कसा आहे?" मी म्हणाले, "चांगला आहे, पण संथ आहे. ते शेवटचं डुकराच्या मागे धावणं तर संपता संपत नाही."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एक सहकारी बसले होते. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. ते डब्यातून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, डुक्कर धरायला तेवढाच वेळ लागतो."

दोघंतिघं हसले. तेही हसले. मग विषय दुसऱ्या सिनेमाकडे गेला. त्यांना हे कसं माहीत, असं कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आणि नेमकं तेच अवघड होतं.

त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःशी वकिली करत होते. पहिला मुद्दा असा की, मी काही समीक्षक नाही. तिकिटाचे पैसे दिले, सिनेमा बघितला, वाटलं ते बोलले. दुसरा मुद्दा, शेवटी आपापली आवड. कुणाला कारल्याची भाजी आवडते, कुणाला नाही. त्यात चूक-बरोबर कसलं?

हे दोन्ही मुद्दे आपण सगळेच वापरतो, पण ते तपासून बघितले की डळमळायला लागतात. आवड ही इतकी खाजगी गोष्ट असेल, तर मी "मला कंटाळा आला" असं का म्हणाले नाही? मी म्हणाले, "संथ आहे." म्हणजे बोलले ते सिनेमाबद्दल. १७९० साली आलेल्या आपल्या ग्रंथात कांटने हा फरक फार साधेपणाने मांडला आहे. कॅनरीची वाइन छान आहे, असं म्हणणाऱ्या माणसाला कुणी टोकलं की 'तुला छान लागते असं म्हण', तर तो ते मुकाट्याने मान्य करेल. पण एखादी वास्तू किंवा कविता सुंदर आहे असं म्हणणारा माणूस 'माझ्यापुरती सुंदर' असं म्हणत नाही. इतरांनाही ती तशी वाटायला हवी, अशी अपेक्षा त्याच्या बोलण्यात असते. ती तो सिद्ध करू शकत नाही, पण सोडूही शकत नाही. सिनेमाबद्दलची आपली डब्यावरची मतं या दुसऱ्या जातीची असतात. कारल्यावरून कुणी भांडत नाही. सिनेमावरून माणसं डबा गार होईपर्यंत भांडतात.

मराठीत तर पहिल्या प्रकारचं वाक्यसुद्धा पूर्णपणे आपल्या मालकीचं नसतं. 'मला सिनेमा आवडला', 'मला गोष्ट आवडली', 'मला गाणं आवडलं'. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, समोरच्या वस्तूप्रमाणे बदलतं. मी आपली 'मला' होऊन बाजूला उभी. आवडण्याच्या घटनेत जे काही घडतं ते त्या वस्तूकडून घडतं, असं भाषेनेच धरून ठेवलंय. व्याकरणावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे मान्य. पण 'माझी आवड' म्हणून पळ काढायचा असेल, तर मराठी फारशी मदत करत नाही एवढं खरं.

मग माझं मत चुकीचं होतं का? इथे एक सोपी वाट समोर येते. ज्याने ते आयुष्य जवळून पाहिलंय त्याचा शब्द शेवटचा. आपण गप्प बसावं. ही वाट सभ्य दिसते, पण ती मला पटत नाही. तिच्यात त्या सहकाऱ्यांचाही नीटसा आदर नाही. त्यांच्या वाक्यातला विचार बाजूला ठेवून आपण फक्त त्यांच्या जन्माला मान देतो. शिवाय ते वाक्य नीट ऐकलं तर त्यात 'तुम्हाला काय कळतंय' असं कुठेच नव्हतं. त्यांनी सिनेमातल्या एका ठरावीक जागेकडे बोट दाखवलं होतं. ती जागा लांबलेली नाही, तेवढीच आहे, असा त्यांचा दावा होता. त्याला उत्तर द्यायचं तर पुन्हा सिनेमाकडेच जाणं भाग होतं.

ह्यूमने १७५७ सालच्या अभिरुचीवरच्या निबंधात 'डॉन किखोते'मधली एक गोष्ट वापरली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, छान आहे, पण जराशी चामड्याची चव येतेय. दुसरा म्हणतो, छानच, पण लोखंडाची चव येतेय. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडते. ह्यूमला यातून जाणकारांच्या जिभेची तारीफ करायची होती. मला मात्र त्या पिंपाचं अप्रूप वाटतं. ते रिकामं करता येत होतं. सिनेमाचंही तसंच आहे, पुन्हा बघता येतो.

मी 'फँड्री' पुन्हा बघितला. या वेळी एकटीने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावत असतं, आणि गाव ते बघत असतं. पोरं बसून मजा घेतात, ओरडतात. जब्या ज्या शालूपायी जीव टाकतो, तीही बघणाऱ्यांत असते, हसत असते. तो लपत राहतो, बाप त्याला ओढून आणतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर समोरून निघून जात असताना सगळं कुटुंब ताठ उभं राहतं. पुढे डुक्कर बांबूला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर दिसतात.

हा प्रसंग लांब आहेच. पण तो लांब असल्यामुळेच एका टप्प्यावर लक्षात येतं की आपणही बसून बघणाऱ्यांत आहोत. हसत नसू, पण 'उरका आता' म्हणतोय. माझं 'संथ आहे' हे त्या कठड्यावरच्या प्रेक्षकाचं मत होतं. आणि शेवटी जब्या जो दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर येतो. पहिल्यांदा बघताना मला तो शेवट 'प्रभावी' वाटला होता. प्रभावी! जणू तो दुसऱ्याच कुणावर फेकला होता.

अभिनवगुप्ताने 'नाट्यशास्त्रा'वरच्या आपल्या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखात गुरफटलेलं असणं. हजारएक वर्षांपूर्वीचा हा माणूस शुक्रवारी संध्याकाळचा शो बघायला आलेल्या थकलेल्या बाईला बरोबर ओळखून होता. त्या दिवशी मी ऑफिसातून धावतपळत गेले होते आणि परतीच्या बसची वेळ डोक्यात होती. सिनेमा संथ होता की मला घाई होती, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. माझ्या मताला हरकत घ्यायचीच, तर ती इथे घ्यायला हवी. मत चुकणं हा गुन्हा नाही. पण स्वतःच्या अवस्थेची बातमी सिनेमाच्या नावावर खपवणं, ही लहानशी का होईना, लबाडी आहे.

ती लहान आहे, हेही म्हणायला हवं. डब्यावरच्या गप्पांचा परिसंवाद करावा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. झटपट, कच्च्या, अर्धवट मतांना मोकळीक नसेल, तर माणसं मतं द्यायचीच थांबतील, किंवा सगळ्यांना मान्य होईल तेवढंच बोलतील. मी त्या दिवशी सावधपणे 'खूप महत्त्वाचा सिनेमा आहे' एवढंच म्हणाले असते, तर कुणाला खटकलं नसतं आणि मला काही कळलंही नसतं. माझ्या आगाऊ मताने निदान एक वाक्य बाहेर काढलं.

पुढे 'कोर्ट' आला तेव्हा मी आईला आग्रहाने पाठवलं. ती परत आली ती पाय चोळत. "तू सांगितलंस म्हणून बसले. ती सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करते, तेवढं मात्र अगदी खरं होतं. बाकी काय ते तुझं तुला माहीत." मला हे मत फार आवडलं. तिने कंटाळा लपवला नाही, कंटाळ्याचा निकालही केला नाही, आणि नेमकी एक जागा दाखवली. माणसाला तुरुंगात पाठवू पाहणारी आणि घरी येऊन भाजी फोडणीला टाकणारी बाई एकच असू शकते, यावर त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

'फँड्री' दुसऱ्यांदा बघितल्यावर मी त्या सहकाऱ्यांना गाठलं. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. शेवट तेवढाच हवा. पण पूर्वार्धातला काही भाग मला अजूनही सैल वाटतो."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, पुन्हा चुकलं काहीतरी.

"मला त्या काळ्या चिमणीचं तितकंसं नाही पटलं," ते म्हणाले. "त्या वयात चिमणीमागे हिंडायला आम्हाला कुठला वेळ?" मग जरा थांबून म्हणाले, "पण माझ्या धाकट्या भावाला पटलं. तो म्हणतो, तू हिंडला नाहीस, मी हिंडायचो."

डबे धुवायला आम्ही बरोबरच गेलो. भाऊ कशाच्या मागे हिंडायचा, ते त्यांनी नळापाशी सांगितलं. ते काही इथे लिहिण्याचं नाही.