अद्भुत आणि शांत

चित्रपटाविषयीं मत देण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारल्यास माझी बाजू लंगडी पडेल. छायाप्रकाशाच्या तंत्राचा मला गंध नाहीं. आणि वर्षाकांठीं चारदोन चित्रपट पाहणाऱ्यानें स्वतःस रसिक म्हणवून घेणें हेंहि धाडसच होय. परंतु पंगतीस बसणाऱ्याला स्वयंपाक येत नसला, तरी आपली तृप्ति झाली कीं नुसतें पोट भरलें, हें त्याचें त्याला कळतें. तेवढ्याच अधिकारावर एक प्रश्न वाचकांपुढें ठेवीत आहें. पडद्यावर देवाचा चमत्कार पाहून आपले हात नकळत जोडले जातात, ती भक्ति म्हणावी कीं केवळ आश्चर्य?

हा प्रश्न आपल्या चित्रपटाच्या जन्माबरोबरच जन्मला आहे. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतांना आपले राम-कृष्ण असे पडद्यावर केव्हां दिसतील, या ध्यासानें दादासाहेब फाळके पेटले, आणि १९१३ सालीं त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १९१७ सालच्या त्यांच्या ‘लंकादहन’मध्यें राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या, तरीहि पडद्यावर राम येतांच प्रेक्षक पायांतले जोडे काढीत, असें सांगतात. १९७५ सालीं ‘जय संतोषी माँ’ पाहतांनाहि लोकांनीं तेंच केलें. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत मूकपटाचा बोलपट झाला, देश स्वतंत्र झाला; विस्मयापुढें नमणारें मन मात्र तेंच राहिलें.

सुशिक्षित मनुष्य याला भाबडेपणा म्हणून हसतो. हें हसणें मला अन्यायाचें वाटतें. आपल्या साहित्यशास्त्रानें अद्भुताला रसाची पदवी दिली आहे, आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला आहे. ज्याला कशाचेंच आश्चर्य वाटत नाहीं, त्याला नमस्कार तरी कोणापुढें करावासा वाटेल? परंतु आठ रसांच्या पंक्तींत पुढें शांतरस येऊन बसला, आणि अभिनवगुप्तासारख्या आचार्यानें त्याचा कैवार घेतला, त्याअर्थीं विस्मय ओसरल्यावरहि मनाला जावयाचें एक ठिकाण उरतें, हें त्या जाणत्यांना दिसलें असलें पाहिजे.

तें ठिकाण चित्रपटांत कोठें सांपडतें? प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शिलेला हा १९३६ सालचा बोलपट. पुढील वर्षीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांत चमत्कारांची वाण नाहीं. कीर्तनास आलेल्या शिवाजीमहाराजांना शत्रु धरूं पाहतो, तों एका शिवाजीचे अनेक शिवाजी होतात; शेवटीं तर वैकुंठाचें विमानच येतें. या प्रसंगीं डोळे विस्फारतात खरे, पण त्या वेळीं मनाला कांहीं ठरवावें लागत नाहीं. देवानें सारें आपल्या अंगावर घेतलेलें असतें.

याउलट, महाराजांनीं पाठविलेला नजराणा विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम परत करतात, तेथें कसलीहि कळ दाबलेली नाहीं, आणि तरीहि श्वास अडतो. कारण शेजारीं जिजाई उभी आहे. मुलाच्या दुखण्यानें जीव कासावीस झाला असतां हातीं वहाण घेऊन प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारावयास निघालेली ही बाई. गौरी या नटीनें ती अशी उभी केली आहे कीं, तिला अज्ञानी म्हणून बाजूस सारण्याची सोयच उरत नाहीं. आपला घांस सोडणें हें वैराग्य खरें. पण लेंकरांच्या तोंडचा घांसहि सोडण्याचा अधिकार बापाला आहे काय? विमान एकट्या तुकारामांना घेऊन जातें, जिजाई मुलांसह मागें राहते. या दोघांत वाट कोणाची बिकट, हें चित्रपट आपल्याला सांगत नाहीं, आणि न सांगण्यांतच त्याचा मोठेपणा आहे.

माझ्या मतें शांतरसाचा उगम येथें आहे. शांत म्हणजे प्रश्न न पडलेलें मन नव्हे. दोन्ही बाजूंचें खरें ऐकून घेऊनहि जें कडवट होत नाहीं, तें मन. अद्भुत आपल्याला वर पाहावयास लावतें. शांत आपल्याला शेजारीं पाहावयास लावतें. पडद्यावरचा त्याग प्रेक्षकाला तिकिटाच्या किमतींत मिळतो, आणि म्हणूनच तो फार गोड लागतो. आपण तुकारामांसाठीं डोळे पुसतों, पण घरीं परतल्यावर नजराणा परत करीत नाहीं; आणि आपल्या व्रतांचा, छंदांचा, परोपकाराचा भार घरांतील कोणती जिजाई मुकाट्यानें वाहते, याची चौकशीहि करीत नाहीं.

म्हणून पौराणिक तेवढें आध्यात्मिक आणि सामाजिक तेवढें ऐहिक, ही वांटणी मला पटत नाहीं. देवाचें नांवहि न घेणारा चित्रपट आपल्याला अंतर्मुख करूं शकतो, आणि देवांनीं गजबजलेला चित्रपट नुसतें दिपवून सोडूं शकतो. हात जोडले गेले, तर ते खुशाल जोडावे. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र दिवे लागल्यावर ते हात कोणाच्या उपयोगीं पडले, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें. भक्ति कीं आश्चर्य, याचा निवाडा चित्रपटगृहांत होत नाहीं. तो घरीं होतो.