वीज कशासाठी?

1980च्या दशकात कर्नाटकाने सन 2000पर्यंतचा वीज आराखडा केला, तो रूढ पद्धतीनेच. मागच्या वर्षांची वाढ पाहायची, तीच रेघ पुढे ओढायची आणि ती जिथे पोहोचेल तेवढी वीजकेंद्रे मागायची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डींनी मात्र वीज कशासाठी हवी, हे आधी विचारले. दिवे किती, कृषिपंप किती, आंघोळीचे पाणी कशावर तापते, असा तपशीलवार हिशेब त्यांनी मांडला. बल्ब आणि पंप सुधारले, पाणी उन्हावर तापवले, तर अंधारातल्या घरांना जोडण्या देऊनही आराखड्यातल्या निम्म्याहून कमी विजेत भागते, असे त्यातून दिसले.

या विचाराला चालना दिली होती 1973च्या तेलटंचाईने. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत कणभौतिकी करणारे आर्थर रोझेनफेल्ड एका शुक्रवारी घरी निघताना आपल्या मजल्यावरचे दिवे मालवायला गेले, तर बटणे सापडेनात. ती कपाटांमागे, पुस्तकांच्या मांडण्यांमागे दडली होती. दिवे मालवायची कुणाला कधी गरजच वाटली नव्हती! पुढे त्यांनी कणभौतिकी सोडून इमारती आणि उपकरणांच्या ऊर्जावापराचा अभ्यास हाती घेतला. कार्यक्षमतेचे कायदेशीर निकष आले आणि तीसेक वर्षांत अमेरिकी फ्रिजचा वीजवापर सुमारे चौथाईवर आला, फ्रिज मोठे होऊनही.

यावरचा आक्षेप मात्र शंभर वर्षे जुना होता. कोळसा काटकसरीने जाळणारी यंत्रे आली की कोळशाचा खप उलट वाढतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने 1865मध्येच मांडले होते. आक्षेप खोटा नाही. पण ज्या घरात दिवाच नाही, तिथे वाचलेल्या विजेने दिवा लागला तर त्याला उधळपट्टी कोण म्हणेल?

महाराष्ट्रात रेड्डींसारख्याच पद्धतीने पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी राज्याच्या वीजनियोजनाचा अभ्यास केला. तो दाभोळ वीजप्रकल्पाच्या कराराचा काळ होता. त्या करारात वीज घेतली नाही तरी स्थिर आकार राज्य वीज मंडळाच्या माथी होता. फुगवलेला अंदाज कागदावर राहत नाही, त्याचे बिल येते, हे राज्याला तेव्हा कळले.

यातल्या बहुतेकांची सुरुवात हवामानबदलापासून नव्हती. तेल, पैसा आणि गरिबी हे त्यांचे प्रश्न होते. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, उत्सर्जन-कपातीच्या अहवालात मागणीला स्वतंत्र प्रकरण दिले ते थेट 2022मध्ये.

आता सौरऊर्जेमुळे ‘किती’ आणि ‘कशासाठी’ यांच्या जोडीला ‘केव्हा’ आले आहे. दुपारी वीज मुबलक, दिवेलागणीला ओढाताण. रात्रपाळीच्या विजेवर काळोखात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यावे लागणारा शेतकरी दिवसा वीज मागतच होता. 2017च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने ती मागणी आणि ऊन यांची सांगड घातली. उत्सर्जन घटवण्याचा मार्ग आणि शेतकऱ्याची सोय इथे एकच ठरली, कारण पंप कोण, कुठे आणि कधी चालवतो, हे हिशेबात धरले गेले. वीजकेंद्राचे उद्घाटन होते, वाचलेल्या युनिटचे होत नाही. म्हणून मागणी मोजणाऱ्यांना नियोजनाच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून जागा हवी, करारावर सह्या झाल्यानंतर नव्हे.