ठेका कुणाच्या हातात?

पार्किन्सन झालेल्या माणसाला मेट्रोनोमच्या टकटकीवर चालवावं का, यावरून माझा आणि माझ्या तबल्याच्या गुरुजींचा वाद झाला. मी फिजिओथेरपिस्ट. ज्या काकांवरून विषय निघाला ते हौशी पेटीवादक. दाराच्या उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. टकटक लावली की पाऊल उचलतं.

गुरुजी : म्हणजे यंत्र चालवतं, माणूस चालत नाही. लेहऱ्याच्या मशीनवर रियाज करणारी पोरं मी रोज बघतो. मशीन बंद केलं की चार आवर्तनांत लय पळते. लय आतून यायला हवी.

मी : आतून म्हणजे नेमकं कुठून, गुरुजी? २००७ साली जेसिका ग्राहन आणि मॅथ्यू ब्रेट या संशोधकांनी लोकांना स्कॅनरमध्ये स्वस्थ झोपवून नुसते ठोके ऐकवले. ठोक्यांत लय जाणवली की मेंदूचे हालचाल घडवणारे भाग जागे व्हायचे. खोलवरचा बेसल गँग्लिया त्यांतलाच. पार्किन्सनमध्ये डोपामाइन कमी पडतं ते याच भागाला. तुम्ही म्हणता त्या आतल्या लयीचं घरच काकांच्या बाबतीत खचलंय.

गुरुजी : पण ती आत असतेच, हे तुला मैफलीत दिसेल. सम पडल्यावर ज्याची मान हलते तो उशिरा पोचला. जाणकाराची मान आधीच निघालेली असते.

मी : प्रयोगशाळेतही तेच दिसतं. मेट्रोनोमबरोबर बोटानं ठोका द्यायला सांगितला तर बहुतेकांचं बोट काही शतांश सेकंद आधीच पडतं. मेंदू ठोका ऐकून मग हलत नाही. पुढचा कधी येणार हे ताडून हालचाल आधीच सोडतो. २००९ साली हंगेरीत झोपलेल्या नवजात बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला होता. आपण जिला सम म्हणू तो ठोका मधूनच गाळला की बाळांच्या मेंदूतले विद्युत तरंग बदलायचे.

गुरुजी : बघ! दोन-तीन दिवसांचं पोर सम हुडकतं. मग काकांना टकटक कशाला? मनात केरवा म्हणायला सांग.

मी : सांगते की. चालताना मनात गाणं म्हटलं तर पावलं अधिक सारखी पडतात, हे पार्किन्सनच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत दिसलंय. पण उंबऱ्याशी पाय अडकले आणि काका घाबरले, की मनातला केरवाही तिथेच अडकतो. आणि बाहेरच्या आधारात कमीपणा कसला? अतिविलंबित एकताल घ्या. एकेक मात्रा चार-चार सेकंदांची. दोन ठोक्यांत साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की मेंदूला ते एका लयीत बांधणं जड जातं. मग बुजुर्ग गायकही तबल्यावरच्या 'तिरकिट'ला कान लावून असतो ना? त्याची लय उसनी ठरते का?

गुरुजी : नाही ठरत. पण बाळ, तबलजी ऐकत असतो. गायकाची तान लांबली, श्वास पुरेना झाला, तर आमचा हात किंचित सैल सुटतो आणि समेवर त्याला जागा मिळते. तुझी टकटक काकांना ऐकते का? ते दमले, पाऊल आखूड झालं, तरी ती आपली चालूच.

हे मला खोडता आलं नाही, खोडावंसंही वाटलं नाही. आतली लय की बाहेरची, यावर आम्ही भांडत होतो; आधार ऐकणारा आहे की बहिरा, हा प्रश्न त्याहून मोठा होता. काकू टाळी देऊन काकांना चालवतात तेव्हा ऐकणारा आधार डोळ्यांना दिसतो. काकांचं पाऊल मागे पडलं की टाळी क्षणभर थबकते, पाऊल टेकतं तिथेच पडते आणि मग हळूहळू त्यांना पुन्हा लयीवर आणते. कोण कोणाला चालवतंय, सांगता येत नाही.

मी : पण पहाटे तीनला काकांना बाथरूमला जायचं असतं. काकूंचंही वय झालंय. तेव्हा ऐकणारा माणूस आणू कुठून? १९९६ साली अमेरिकेत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांकडून तीन आठवडे घरच्या घरी, ध्वनिमुद्रित तालावर चालण्याचा सराव करून घेतला. त्यांचा वेग वाढला. तो ताल तरी कुठे कुणाला ऐकत होता?

गुरुजी : आणि सवय लागली म्हणजे?

मी : लागेल. चष्म्याची लागते तशी. पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा ती सवय मी पत्करेन. तुमच्या शिष्यांचं मशीन मधूनमधून बंद करायलाच हवं, त्यांची लय अजून घडायची आहे. काकांचं मी बंद करणार नाही.

गुरुजी : बरं, रात्रीसाठी यंत्र मान्य. त्याची लय कशावरून लावलीस?

मी : त्यांच्याच चालीवरून. मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजलं आणि त्याहून थोडी जलद ठेवली.

गुरुजी : आजार पुढे सरकतो, तशी चालही सरकणार. दर थोड्या दिवसांनी मोजत जा. आणि टकटक काढून टाक, केरवा मी वाजवून देतो. पण आधी काकांना इथे आणून माझ्यासमोर चालव. पाऊल ऐकल्याशिवाय मी हात लावणार नाही.