लोहमार्गाची बाजू

दौंड स्टेशनात ‘लोहमार्ग पोलीस’ ही अक्षरं वाचून शेजारचे गृहस्थ म्हणाले, “असं बोलतं तरी कोण? टेबलावर जन्मलेला शब्द आहे हा!” ते बोलणं मनातून जाईना, कारण मलाही ‘आगगाडी’च प्रिय. लोकांनी केलेल्या या शब्दात आग आहे आणि गाडी आहे. ‘च्या बळावर चालणारी’ हे मधलं ऐकणाऱ्यानं भरायचं. शाळेत यालाच मध्यमपदलोपी समास म्हणतात. पाहणाऱ्याचा शब्द वेगळा, घडवणाऱ्याचा वेगळा, असं मी नेहमी मानत आलो. शिरूरला घोडनदी म्हणतात, तोही पाहणाऱ्याचाच शब्द. नदीचं नाव गावाला लागलं, कुणाला समिती नेमावी लागली नाही.

लोहमार्ग घडवलेला आहे, हे कबूल. पण त्याचा जर्मन भाऊबंद पाहा. ‘आयझेनबान’मध्ये आयझेन म्हणजे लोखंड, बान म्हणजे वाट. 1835 मध्ये न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ धावलेल्या जर्मनीतल्या पहिल्या वाफेच्या रेल्वेच्या नावातच तो होता. फ्रेंचही लोखंडाची वाटच म्हणतात. जर्मन माणूस आज नुसतं ‘बान’ म्हणतो आणि त्यात गाडीसुद्धा येते. बोलून बोलून लोखंड गळालं. आपल्या ‘रेल्वेनं आलो’मध्येही रूळ आणि वाटच आहे. म्हणजे वाटेवरून पडलेलं नाव लोकांच्या तोंडी बसत नाही, हे त्या गृहस्थांचं म्हणणं टिकत नाही.

आणि आगगाडीतली आग? वाफेची इंजिनं गेली, दौंडहून गाड्या विजेवर धावतात. रूळ मात्र आहेत तिथेच आहेत.

आता शिरूरकडून पाहू. दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये सुरू झाला, तो श्रीगोंद्याच्या अंगानं नगरकडे गेला. शिरूर शहर बाजूला राहिलं, ते आजही रुळांवाचून आहे. शिरूरकराचं गाडीवाचून अडलेलं नाही, वाटेवाचून अडलंय. आगगाडी हा शब्द डोळ्यांपुढून धावणारी वस्तू दाखवतो. लोहमार्ग विचारायला लावतो, की रूळ कुणाच्या जमिनीतून गेले, कोणता तालुका सुटला. हे विचारण्याचं बळ माझ्या आवडत्या शब्दात नाही.

मुलांना गोष्ट सांगताना मी आगगाडीच म्हणेन. शिरूरकरांनी मात्र मागणीच्या अर्जावर ‘लोहमार्ग’ हाच शब्द लिहावा.