टोळ कोणी म्हटले?

स्वतःविषयीचे एखादे वाक्य आपण इतकी वर्षे मनात बाळगतो की पुढे ते वाक्य वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. ‘मला चारचौघांत बोलता येत नाही.’ ‘आमच्या घरात कोणी पुढे गेलेलेच नाही.’ हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितले, आठवते का?

गणना पुस्तकाच्या १३व्या अध्यायात १२ हेर कनान देश पाहायला जातात. ४० दिवस फिरतात आणि येताना द्राक्षांचा एवढा मोठा घड आणतात की तो काठीवर घालून दोघांना वाहावा लागतो. देश सुपीक आहे, नगरांना तट आहेत, माणसे धिप्पाड आहेत, इथपर्यंत सगळे डोळ्यांनी पाहिलेले. मग दहा जण म्हणतात, त्या लोकांपुढे आम्ही स्वतःला टोळांसारखे वाटलो, आणि त्यांनाही तसेच वाटलो. पहिला भाग ठीक, स्वतःला काय वाटले ते त्यांना ठाऊक असणारच. पण दुसरा कसा कळला? हेरगिरीला गेलेला माणूस ‘मी तुम्हाला कसा दिसतो?’ असे विचारत बसत नाही.

मी वाणिज्य शाखेत शिकतो. आमच्याकडे प्रमाणक नसेल तर वहीतली नोंद ग्राह्य धरत नाहीत. आणखी एक गोष्ट शिकवतात: तेरीजपत्रक जुळले म्हणजे हिशोब बरोबर असेलच असे नाही. चुकीची रक्कम दोन्ही बाजूंना पडली तरी बेरीज जुळतेच. समजुतींचेही तसेच होते. बोलता येत नाही असे मानणारा बोलायला उठत नाही, आणि तो उठत नाही हाच पुढे पुरावा होतो.

मग टोळांची ही नोंद आली कुठून? निर्गमच्या ५व्या अध्यायात फारो विटा पाडणाऱ्या इस्राएल लोकांना पेंढा देणे बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो आणि वर त्यांनाच आळशी म्हणतो. ह्या शब्दात फायदा कोणाचा होता ते उघड आहे. मला वाटते, मिसर सोडताना लोकांनी हे शब्दही सामानात बांधून घेतले. स्वतःविषयीची एखादी समजूत तपासताना म्हणूनच दोन प्रश्न विचारून पाहा: हे प्रथम कोण म्हणाले, आणि मी ते खरे मानल्याने कोणाची सोय झाली?

कालेब आणि यहोशवा तोच देश पाहून आले होते. तट बुटके होते असे ते म्हणत नाहीत. परमेश्वर आपल्याबरोबर आहे, इथून त्यांचा हिशोब सुरू होतो. रोज सकाळी आरशापुढे ‘मी वाघ आहे’ म्हणावे असा सल्ला हल्ली मिळतो, तो मात्र मला पटत नाही. तीही बिनप्रमाणकाची नोंदच. १४व्या अध्यायाच्या शेवटी हेच घाबरलेले लोक एकाएकी शूर होतात, मोशे नको म्हणत असताना डोंगरावर चढतात आणि मार खातात.

मार्काच्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याच्या वेळी पिता येशूला आपला प्रिय पुत्र म्हणतो. तेव्हा त्याने अजून एकाही रोग्याला बरे केलेले नाही, एकही प्रवचन दिलेले नाही. नाते आधी, काम नंतर. आपल्या घरांत बहुधा उलटे चालते, आधी निकाल आणि मग कौतुक. त्यामुळे हा क्रम आपल्याला पचायला जड जातो.

त्या १२ हेरांनंतर सुमारे ४० वर्षांनी यरीहोत राहाब दोन नव्या हेरांना धाब्यावर ताग्याच्या काड्यांखाली लपवते आणि सांगते की तुमच्याविषयी ऐकून आमचे धैर्य गळून गेले आहे. काय ऐकले होते? ती तांबड्या समुद्राचे नाव घेते. ती घटना तर पहिले हेर निघाले त्याच्याही आधीची.