हेतू आणि हेत्वाभास

जो हेतू नसून हेतूसारखा भासतो, त्यास न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. हा विषय केवळ पाठशाळेचा, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु हेत्वाभासाचा वावर बाजारात आणि आगगाडीच्या डब्यातच अधिक असतो. मीरा-भाईंदरचा भाषावाद हे त्याचे अलीकडील उदाहरण होय.

जून २०२५च्या अखेरीस मीरा रोड येथे मराठी बोलण्यावरून एका खाद्यपदार्थ-विक्रेत्यास मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. पुढे व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला आणि ८ जुलै रोजी मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. मूळ संवाद अगदी लहान होता. महाराष्ट्रात कोणती भाषा बोलली जाते, असे विचारले गेले. सर्व भाषा बोलल्या जातात, असे उत्तर आले.

येथे ‘बोलली जाते’ या शब्दांचे दोन अर्थ झाले. विचारणाऱ्यास राज्याची भाषा अभिप्रेत होती. आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठीस तो अधिकार दिलेलाही आहे. उत्तर देणाऱ्याने लोकव्यवहारातील वस्तुस्थिती सांगितली; तीही खोटी नाही. वक्त्याचा अभिप्राय सोडून शब्दाच्या दुसऱ्या अर्थावर जाणूनबुजून बोट ठेवणे, यास शास्त्रात छल म्हणतात. अभिप्राय न कळल्याने तसे घडले तर तो केवळ गैरसमज होय. छल असो वा गैरसमज, त्यावर उपाय एकच : आपणांस कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे पुन्हा विचारणे. तो उपाय टाकून हात उचलला गेला, तेव्हा वाद तेथेच संपला. प्रहार हा सदोष हेतूही नव्हे. तो हेतूचा अभाव होय.

त्यानंतर दोन्हीकडून जी अनुमाने ऐकू येतात, त्यांतही दोष आहेत. ‘हा येथे वीस वर्षे राहतो, तरी मराठी बोलत नाही, म्हणजे यास मराठीचा द्वेष आहे,’ असे एक पक्ष म्हणतो. हा हेतू सव्यभिचार आहे. ज्यास कोणी शिकविले नाही, ज्यास चुकण्याची लाज वाटते, तोही मराठी बोलत नाही. पण द्वेष करीत नाही. ‘मराठीचा आग्रह धरणाऱ्याची मुले इंग्रजी शाळेत जातात, म्हणून त्याचा आग्रह निराधार आहे,’ असे दुसरा पक्ष म्हणतो. यात वक्त्याच्या आचरणाचा दोष सिद्ध होईल. त्याच्या विधानाचा होत नाही. वैद्य स्वतः पथ्य पाळीत नसला, तरी त्याने सांगितलेले पथ्य चुकीचे ठरत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, दोष सापडल्याने काय सिद्ध होते? हेतू दुष्ट ठरला म्हणजे त्या हेतूने साध्य सिद्ध झाले नाही, एवढेच कळते. साध्य खोटे ठरत नाही. ज्या भूमीत राहावे तिची भाषा शिकावी, हे तत्त्व एखाद्याने वाईट रीतीने मांडले म्हणून असत्य होत नाही. तसेच, साध्य सत्य आहे म्हणून त्याकरिता दिलेला दुष्ट हेतू शुद्ध होत नाही. मग प्रहार तर दूरच राहिला. यांपैकी एकच बाजू ध्यानात ठेवणारा मनुष्य अर्धाच तार्किक होय.

या संदर्भात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा दाखला पुष्कळदा दिला जातो. स्वामी गुजरातेतून आले आणि त्यांनी मराठीत निरूपण केले. ‘बाहेरून आलेला मनुष्य मराठी आपली मानीत नाही’ ही व्याप्ती मोडण्यास हा एक दाखला पुरेसा आहे. परंतु ‘म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक जण सहज मराठी शिकेल’ ही व्याप्ती त्याने सिद्ध होत नाही. एका दृष्टांताने सार्वत्रिक विधान खंडित होते, स्थापित होत नाही. म्हणूनच दृष्टांतपाठात केशिराजबासांनी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी ठेवली. दृष्टांत कोठवर लावावा, याची मर्यादा तीमुळे कळते. नागदेवाचार्यांनी ग्रंथरचनेत मराठीचा आग्रह धरला, तो मात्र सकारण होता : संस्कृताने सामान्य स्त्रीपुरुष ज्ञानास मुकतील, हा त्यांचा हेतू होता. जो भाषेबाहेर राहिला आहे त्याविषयीची करुणा त्या आग्रहाच्या मुळाशी होती.

तत्त्वनिर्णयासाठी चालते ती कथा वाद; जिंकण्यासाठी चालते ती जल्प; स्वपक्ष न मांडता केवळ परपक्ष खोडते ती वितंडा. हेत्वाभासांचे ज्ञान तिन्हींत उपयोगी पडते. म्हणून ते ज्ञान स्वतः निर्दोष नाही. परक्याच्या बोलण्यातील दोष कानास तत्काळ खटकतो. आपल्या पक्षास अनुकूल असलेला दोष मात्र गोड लागतो. यास्तव विवेकी मनुष्याने जे विधान ऐकताच मान डोलते, त्याच विधानाचा हेतू प्रथम तपासावा. तेवढे ज्यास साधले, त्यास भाईंदरच्या बाजारातही वाद करता येईल, आणि समोरच्यास मराठी शिकविताही येईल.